टाउन सेंटर नसलेली लढाई

वर्धा नदी पडद्याच्या उजव्या अंगाने वाहत होती. वणीजवळची निर्गुडा तिला येऊन मिळत होती आणि पार डावीकडे पांढरकवडा होता. आज जिथे उकणी आणि नीलजईच्या उघड्या खाणी आहेत, तिथे सगळं जंगल होतं. ‘‘दोनशे वर्षांआधी इथं कोळसा कोण काढून रायलं होतं, ताई?’’ नकाशा करणारा म्हणाला. तो स्वतः कोळसा खाणीत डंपर चालवतो. नाईट शिफ्ट संपवून आला की थोडी झोप काढतो आणि दुपारी कूलरसमोर कॉम्प्युटर लावून बसतो. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास त्या खोलीत भरून राहिलेला असतो.

वणीतल्या कुणीतरी ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये पांढरकवड्याची लढाई मांडली आहे, असं कानावर आलं म्हणून मी गेले. या खेळात मी वॉलेस पाहिला होता, जोन ऑफ आर्क पाहिली होती, सलादीन आणि चंगेझखानही पाहिले होते. यवतमाळ जिल्ह्यातली लढाई त्यात कुणी आणेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. दुसरा भाग १९९९ साली आला आणि त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती २०१९ साली. सुरुवातीला एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार मिळतो. मेंढ्या गोळा करायच्या, लाकूड तोडायचं, सोनं आणि दगड खणायचा, मग घरं, बराकी, तटबंदी. बुद्धिबळासारखी इथे पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी शत्रूचं काम सुरूच राहतं. लढाई दिसते मोठी, पण ती जिंकतो तो ज्याचे गावकरी जास्त आणि कामाला लागलेले. म्हणून नकाशा करणाऱ्या या भाऊंचा डावा हात सतत पूर्णविरामाच्या कळीवर जातो. ती दाबली की रिकामा उभा असलेला गावकरी सापडतो आणि त्याला लगेच शेतावर किंवा खाणीवर धाडता येतं.

‘‘एक गावकरी म्हंजे पन्नास अन्न आन् पंचवीस सेकंद,’’ त्यांनी सांगितलं. पुढे गप्पांच्या ओघात हा आकडा त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा आला. पंचवीस सेकंदांत नवा माणूस टाउन सेंटरमधून बाहेर येतो. लांडग्याने एखादा खाल्ला, तरी पंचवीस सेकंद थांबा, दुसरा हजर. खेळाचा सगळा वेग या आकड्यावर उभा आहे, आणि त्यातली निष्ठुरताही.

कॅम्पेन म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लढायांची गोष्ट. निवेदक इतिहास सांगतो, उद्दिष्टं समोर येतात आणि ती पार पाडली की पुढचं प्रकरण उघडतं. भाऊ कॉलेजात असताना नेट कॅफेत तासाचे पैसे भरून हे खेळले. खेळ शिकवणारं कॅम्पेन स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसचं होतं, आणि त्याची अखेर फॉल्कर्कच्या लढाईत इंग्रजांना हरवून होते. प्रत्यक्षात २२ जुलै १२९८ रोजी फॉल्कर्कला वॉलेस हरला होता. हे त्यांना पुष्कळ वर्षांनी कळलं. ‘‘हारलेली लढाई जिंकवून देली त्याईनं,’’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण ही गोष्ट त्यांनी सोडलेली नव्हती.

हिंदुस्थानचा इतिहास या खेळात उशिरा आला. २०२२ सालच्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’मध्ये राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांची कॅम्पेनं आहेत. मराठे भेटतात ते दुसऱ्याच एका खेळात, २००९ सालच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये. त्याची मोहीम १७०० साली सुरू होते, म्हणजे सिंहगडावर राजाराम महाराज गेले ते साल. तिथून खेळाडूने मराठ्यांना कुठवर न्यायचं ते न्यावं. भाऊंनी तोही खेळ खेळला. पण त्यांना घराजवळची लढाई हवी होती, आणि ती हरलेली आहे.

नोव्हेंबर १८१७मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली, त्याच महिन्याच्या अखेरीस नागपुरात सीताबर्डी. फेब्रुवारी १८१८मध्ये आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. दुसरा बाजीराव नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना मिळायचं म्हणून चांद्याच्या दिशेने निघाला, पण वर्धेच्या अलीकडेच त्याची वाट अडली. १७ एप्रिल १८१८ रोजी इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने पांढरकवड्याजवळ त्याला गाठलं आणि पेशव्याची फौज उधळली. जूनच्या सुरुवातीला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. शाळेच्या पुस्तकात हा भाग एका ओळीत उरकतो. वणीच्या माणसाला मात्र त्या ओळीतली ठिकाणं एसटीच्या पाट्यांवर भेटतात.

ही लढाई मांडायला खेळासोबत येणारं सिनारिओ एडिटर लागतं. जमीन रंगवायची, चढउतार द्यायचे, नद्या काढायच्या, फौजा ठेवायच्या, हे हाताचं काम. मराठे आणि कंपनी सरकार दोन्ही खेळात नाहीत, म्हणून हलके घोडेस्वार आणि बंदूकवाले घेऊन त्यांची नावं बदलायची. खरी मेहनत ट्रिगरमध्ये आहे. अमुक झालं की तमुक घडावं, अशी एकेक अट बांधायची. इंग्रजांच्या तोफा छावणीच्या जवळ आल्या की व्यापाऱ्यांच्या गाड्या पळू लागतात, हा एक ट्रिगर. नदीकाठापासून फार वेळ दूर राहिलेल्या सैनिकाची ताकद घटत जाते, हा दुसरा. या खेळात तहान नाही. भाऊंनी ती आणली, कारण लढाई एप्रिलमधली आहे आणि एप्रिलमध्ये खाणीच्या तळाशी दुपारी काय होतं ते त्यांना ठाऊक आहे. ‘‘उन्हाळ्यात पाण्यावाचून घोडा चालत नाई, माणूस तर नाईच. मंग गेममध्ये काहून चालते?’’ इतका साधा प्रश्न कुण्या इतिहासकाराने विचारला असता तर आपण त्याचं कौतुक केलं असतं.

मी तिथे असताना त्यांचा भाचा लढाई खेळून पाहायला बसला. पोरगा तरबेज. सुरू होताच त्याने टाउन सेंटरकडे नेणारी कळ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली.

‘‘मामा, टाउन सेंटर कुठाय?’’

‘‘नाई टाकलं.’’

‘‘मंग माणसं कुठून येतीन?’’

‘‘येत नाईत.’’

पोराचा हात थांबला. तोवर त्याने सवयीने स्वार तोफांवर सोडले होते, आणि ते पडत होते. उरलेल्यांचा आकडा वर कोपऱ्यात दिसत होता आणि तो फक्त कमी होऊ शकत होता. त्याने उरलेले स्वार मागे घेतले, नदीवर नेले, मग गाड्यांच्या पुढेमागे उभे केले. पहिल्या पाच मिनिटांत त्याने जितके घोडे घालवले, तितके पुढच्या अर्ध्या तासात घालवले नाहीत. मी अनेकांना हा खेळ खेळताना पाहिलं आहे, पण प्यादी इतकी जपून हलवणारा हात पाहिला नव्हता. पंचवीस सेकंद नावाची सोय काढून घेतल्याबरोबर पडद्यावरचा प्रत्येक स्वार एकटा, मोजका आणि परत न येणारा झाला.

इथे इंग्रजांना हरवता येत नाही. तसा ट्रिगरच नाही. फौजेमागून चालणारे बाजारबुणगे, बायामाणसं, गाडीवान यांतले ठरावीक लोक पश्चिमेच्या जंगलापर्यंत जिवंत पोचवले की प्रकरण संपतं. बाजीरावाच्या पळण्यावर आपल्याकडे पुष्कळ हसून झालं आहे. त्या पळापळीत त्याच्यामागे कोण चाललं होतं, त्यांना पाणी कुठे मिळालं, हे विचारणारं मी फार थोडं वाचलं. भाऊंच्या मांडणीत ते विचारावंच लागतं, कारण त्यावाचून पुढे जाताच येत नाही.

तरुण पोरं गेममध्ये वेळ घालवतात, अशी तक्रार वणीतही ऐकू येते. मला वाटतं, हा माणूस शिफ्टच्या थकव्यातून वेळ काढून जे करतो आहे ते स्थानिक इतिहासाचं काम आहे. मोठ्या कंपन्यांना पांढरकवडा कधी सुचणार नाही, आणि सुचला तर कदाचित तो फॉल्कर्कसारखा जिंकवून दिला जाईल. शाळेतल्या कॉम्प्युटरवर हा नकाशा उघडावा, मुलांना आधी हरू द्यावं, आणि मग १८१८चा धडा काढावा.

पुढचं प्रकरण चांद्याच्या किल्ल्याचं आहे. बाजीराव जिथे पोचू शकला नाही, त्या किल्ल्याला मे १८१८मध्ये ॲडम्सने वेढा घातला आणि तो घेतला. भाचा म्हणाला, किल्ल्यात लोक राहत होते, तिथे तरी टाउन सेंटर द्या. मामांनी जरा विचार केला आणि तिथेही नाही म्हणाले. वेढ्यात नवी माणसं येत नसतात. आत जितकी आहेत तितक्यांनीच निभावायचं. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे.