'तिजोरीफोड्या' : शब्दाचा अर्थ आणि उपयोग

माढ्याकडील जुनें घर म्हणजे पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर धाबें. दाराला आंतून अडसर असे. म्हणून चोर पहारीनें भिंतीसच भोंक पाडी. 'घरफोड्या' या शब्दांत तें चित्र जसेंच्या तसें उतरलें आहे. संस्कृतांत या कृत्यास 'संधिच्छेद' म्हणत. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकांतील शर्विलक मापाची दोरी विसरतो आणि चारुदत्ताच्या भिंतीवर माप घेण्यास जानवें वापरतो, हें नाट्यरसिकांस ठाऊक आहेच.

पुढें पैसाअडका लोखंडी पेटींत गेला आणि केवळ भिंत फोडून चोराचें काम भागेना. 'तिजोरीफोड्या' हा शब्द या नव्या कसबाचा. अमेरिकेंत अशा चोरास 'येग' म्हणत. त्या शब्दाचें मूळ निश्चित झालेलें नाहीं. इंग्लंडांत त्यास 'पीटरमन' म्हणत. तेथील चोरांच्या सांकेतिक बोलींत 'पीटर' म्हणजे पेटी. तेव्हां खिसेकापूस किंवा वाटमाऱ्यास तिजोरीफोड्या म्हणणें चूक होय.

कायदाही हा भेद पाळतो. २०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय न्याय संहितेंत घरफोडीस भिंत फुटलीच पाहिजे असें नाहीं. चोरीसाठीं कुलूप उघडून आंत शिरलें तरी ती घरफोडीच. बंद पेटी अप्रामाणिक हेतूनें फोडणें हा मात्र कलम ३३४ प्रमाणें निराळा गुन्हा आहे. दोन्ही ठिकाणीं विचार होतो तो कृत्याचा, कुळाचा नव्हे.

कुळाचा विचार झाला म्हणजे काय होतें, हें सोलापूर जिल्ह्यानें पाहिलें आहे. 'उचल्या' म्हणजे उचलणारा. पण तें एका जमातीचेंच नांव होऊन बसलें. १८७१ च्या कायद्यान्वयें पुढें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरांत अशीं कुटुंबें तारेच्या कुंपणांत ठेवण्यांत आलीं. ती वस्ती 'सेटलमेंट' म्हणून ओळखली जाते. १९५२ सालीं तो कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या. कुंपण गेलें, तरी शब्दाचा डाग लगेच गेला नाहीं. लक्ष्मण गायकवाड यांनीं १९८७ सालीं आपल्या आत्मकथनास 'उचल्या' हेंच नांव दिलें, तें उगीच नव्हे.

ज्यानें तिजोरी फोडली तो तिजोरीफोड्या. ज्यानें फोडली नाहीं तो कोणाच्याही पोटीं जन्मला असला तरी नव्हे. शब्दाचा अर्थ एवढाच आहे, आणि उपयोगही एवढाच व्हावा.