काडतुसांची मोजदाद आणि आपण



या पानावर आजवर बेणे, लागण, हुमणी, खोडव्याची निगा याच विषयांवर लिहीत आलो. या खेपेस बंदुकीच्या काडतुसांवर लिहीत आहे, हे पाहून काहींना नवल वाटेल. पण उसाच्या नोंदी घेत गटागटांतून फिरताना रानडुकराचा विषय निघाला नाही असा मळा विरळाच. डुकरावरून बोलणे बंदुकीवर जाते, आणि बंदुकीवरून काडतुसांवर आले की आवाज चढतो.

एका वस्तीवर चहा घेताना एक परवानाधारक सभासद म्हणाले, "साहेब, बंदूक आमची, परवाना आमचा, पैसे आमचे. मग काडतुसं किती घ्यायची ते सरकारनं का ठरवायचं?" शेजारी बसलेले दुसरे म्हणाले, "पहिला दुकानदार तोंड बघून द्यायचा. आता आधी परवान्यावरचा नंबर मागतो, मशिनीत घालतो, मग बोलतो." बाजेवरचे एक म्हातारबाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "काडतुसं संपली हे डुकराला कोण सांगायला जाणार?"

या तिन्ही बोलण्यांत तथ्य आहे आणि तिन्हींत थोडी गफलतही आहे. ती नीट उलगडावी म्हणून कायद्याचे पुस्तक उघडून बसलो. मी शेतीच्या पदविकेचा माणूस, वकील नव्हे. तरी जे वाचले ते आपल्या भाषेत सांगतो.

पहिली गोष्ट अशी की काडतुसांवरची मर्यादा नवी नाही. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला, तो स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालला. त्याच्या जागी १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ साली त्याचे नियम झाले. परवाना हातात घेऊन पाहा. त्यावर काडतुसांचे दोन आकडे असतात. एका वेळी जवळ किती बाळगता येतील हा एक, आणि वर्षभरात किती विकत घेता येतील हा दुसरा. आपल्या वडिलांच्या परवान्यावरही ते होते, पण वाचत कोण होते? दुकानदाराने विक्रीची नोंद परवान्यावर व आपल्या वहीत करायची, हा नियमही जुनाच. पान भरले की चिकटवलेल्या कागदावर, कधी मागल्या बाजूला, कधी मुळीच नाही, असा तो पाळला जाई.

नवे आहे ते मोजणे. देशातील सर्व परवाने एका संगणकीय यादीत आणायचे ठरले व प्रत्येक परवान्याला एक ओळख क्रमांक मिळू लागला. ज्या परवान्याला क्रमांक नाही तो रद्द समजला जाईल, असे जाहीर झाले. मुदत आधी २०१५ च्या ऑक्टोबरची होती, ती पुढे अनेकदा वाढवली गेली. १५ जुलै २०१६ पासून १९६२ च्या नियमांची जागा नव्या शस्त्र नियमांनी घेतली. मग २०१९ च्या डिसेंबरात संसदेने कायदाच दुरुस्त केला. बंदूक व काडतूस यांचा कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माग काढता यावा, यासाठी नियम करण्याचा अधिकार त्या दुरुस्तीने केंद्र सरकारला दिला.

म्हणजे माणसे चिडली आहेत ती मर्यादेवर नव्हे, मोजदादीवर. हे मला चांगले ओळखीचे वाटले. पूर्वी आपल्याकडेही लागणीची तारीख अंदाजे सांगायची पद्धत होती. शेतावर जाऊन क्षेत्र मोजून नोंद घ्यायला लागलो, तेव्हा याच मंडळींनी मला "आमच्यावर विश्वास नाही का?" असे विचारले होते. आज नोंद चुकली तर तेच आधी ऑफिसात येतात.

त्या २०१९ च्या दुरुस्तीची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९८३ पासून एका माणसाला तीन बंदुकांपर्यंत मुभा होती. सरकारने आणलेल्या विधेयकात ती एकावर आणली होती. त्यावर देशभर ओरड झाली. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री कॅप्टन अमरिंदरसिंग यांनी उघड विरोध केला. सरहद्दीवरच्या शेतकऱ्याचे काय, आणि वाडवडिलांच्या बंदुकांचे काय, असे प्रश्न निघाले. शेवटी लोकसभेने ९ डिसेंबरला व राज्यसभेने १० डिसेंबरला विधेयक मंजूर केले, त्यात आकडा दोन असा ठरला. तिसरी असेल त्याने ती एका वर्षात जमा करायची होती. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षे झाली, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. लग्नात, वरातीत हौसेने बार काढून कोणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीत आले. आपल्याकडच्या वराती पाहता हे कलम मला मनापासून पटले.

"चोराला कुठली मर्यादा? गावठी कट्टेवाला कोणत्या दुकानात नोंद करतो?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न खरा आहे. बेकायदा हत्यार बनवणे व विकणे याची शिक्षा त्याच दुरुस्तीने किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी वाढवली. पण कट्ट्यालाही काडतूस लागतेच, आणि ते कुठून तरी वाहत येते. काही थोडे आपल्यासारख्यांच्या घरूनही जात असेल, ही शक्यता धरूनच सरकार वही तपासते. बाहेरच्या देशांतही हीच ओढाताण आहे. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत गोळीबार झाल्यावर काडतुसांबाबतचे नियम आणखी कडक झाले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०१९ पासून काडतुसे घेणाऱ्याची दर खेपेस तपासणी सुरू झाली, आणि बंदूकवाले कोर्टात गेले. त्यांच्याकडे बंदूक हा हक्क मानतात, आपल्याकडे ती परवान्याची वस्तू. भांडण्याची पद्धत त्यामुळे निराळी, पण चहाच्या वेळचे बोलणे सारखेच असावे.

आता आपल्या कामाचे. शेतकऱ्याला वर्षाला काडतुसे लागतात तरी किती? त्या चिडलेल्या सभासदांनाच मी विचारले. त्यांनी बोटांवर मोजले. गेल्या साली सात, त्यातली चार नुसती आवाजासाठी. परवान्यावरचा आकडा त्याहून कितीतरी मोठा होता. मग अडते कुठे? अडते ते असे. आमच्या तालुक्यात दुकान नाही. जिल्ह्याच्या गावी जायचे तर एक दिवस मोडतो. गेल्यावर कळते की परवान्याची मुदत संपून महिना झाला, किंवा ओळख क्रमांक चढलेलाच नाही. माणूस हात हलवत परत येतो आणि सांगतो, "सरकारनं काडतुसं बंद केली." ती बंद झालेली नाहीत, कागद अपुरा आहे. आपल्याकडे चालणारी बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होतात. तो १८६९ पासूनचा कारखाना आहे. (बारा बोअर म्हणजे काय, हे एका पोराने मला विचारले होते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळीची रुंदी. बारा इंच नव्हे!)

एक तक्रार मात्र मला पूर्ण रास्त वाटते, ती निवडणुकीची. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो. २०२४ साली आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात लोकसभेचे व नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. नोव्हेंबरात ऊस उभा असतो, रब्बी वर येत असते, आणि डुकरांना आचारसंहिता नाही. सरसकट सर्वांच्या बंदुका जमा कराव्यात असे निवडणूक आयोगाचे म्हणणे नाही. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेकाचा विचार करायचा असतो. जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांच्याकडे प्रामुख्याने पाहायचे असते. ज्याची बंदूक पिकाच्या राखणीसाठी आहे त्याने सात-बारा जोडून समितीकडे वेळेत लेखी अर्ज करावा. तोंडी हुज्जत घालून ठाण्याच्या दारातून कोणी बंदूक परत आणल्याचे मी पाहिलेले नाही.

पीक राखणीच्या परवान्याबद्दल कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूचे एक कलम आहे, ते मुद्दाम सांगतो. कलम १३ प्रमाणे खऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर साध्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे शिक्षण मात्र आवश्यक केले आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असली, तर तो हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करवू शकतो.

हे मी स्वतःच्या घरच्या अनुभवावरून लिहितो. माझे चुलते वारले तेव्हा त्यांची दुनळी खुंटीवर आणि अकरा काडतुसे ज्वारीच्या कणगीत होती. दुखवट्यात कोणाला सुचणार? दीड वर्ष ती तशीच राहिली. परवाना माणसाबरोबर संपतो आणि त्यानंतर घरातले एकेक काडतूस बेकायदा ठरते, हे आम्हा शिकलेल्या भावांनाही माहीत नव्हते. विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायला हवे होते. जमा करायला गेलो तेव्हा काय काय ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही. बंदूक खुंटीवर सर्वांना दिसत होती. विसरलो होतो ती कणगीतली काडतुसे.

तसेच उसनवारीचे. शेजारी रात्री आला, "दोन काडतुसं द्या, उद्या आणून देतो" म्हणाला, आणि आपण साखरेची वाटी द्यावी तशी दिली, तर देणारा व घेणारा दोघेही अडकतात. घेणारा परवानाधारक आहे की नाही याची खात्री न करता काडतूस हाती देणे हा गुन्हाच आहे. आणि त्याचा परवाना असला तरी दोघांच्या नोंदी चुकतात त्या चुकतातच.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हेही ध्यानात ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची लेखी परवानगी निराळी लागते. त्यासाठी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात अर्ज द्यावा. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते, ते घरी न्यायचे नसते. बिबट्याची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. तो पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्याबाबतचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना घडले ते कायदा समजून घेतो. उसात दडून बसलेल्यावर बार टाकलेला समजून घेत नाही. डुकराने नुकसान केले असेल तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार देऊन पंचनामा करून घ्या. भरपाई थोडी वाटली तरी सोडू नका.

या सगळ्याहून मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. काडतूस मिळत नाही म्हणून काही जण बांधाला उघडी तार लावून त्यात वीज सोडतात. कोणी कणकेच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवतात. डुक्कर मरते, तशी गाय मरते, आणि माणूसही मरतो. आपल्या फडात तोडणीची माणसे पहाटे अंधारात शिरतात. त्यांची लेकरे बांधावरून फिरतात, त्यांच्या कोप्या उसाच्या कडेलाच असतात. ज्या शेतात तार सापडेल तिथे टोळी उतरवू नये, असे मी माझ्या विभागापुरते स्लिपबॉयना सांगून ठेवले आहे. यावर रागावणारे रागावोत.

बंदूकवाल्यांनाही एक विनंती. मोठा छर्रा काहीशे मीटर जाऊन पडतो, आणि उभ्या उसात पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. हंगामात रात्री राखणीला बंदूक घेऊन बसणार असाल तर आदल्या दिवशी गट ऑफिसला कळवा. त्या शिवारात टोळी कुठे उतरली आहे आणि कोप्या कोणत्या बाजूला आहेत, हे स्लिपबॉय सांगेल. ज्यांच्या परवान्याची मुदत संपत आली आहे किंवा ओळख क्रमांक चढायचा आहे, त्यांनी परवान्याची व सात-बाराची झेरॉक्स घेऊन गट ऑफिसला यावे. अर्ज भरून द्यायला आमचा कारकून मदत करील. काडतुसे मात्र बरोबर आणू नयेत. गेल्या महिन्यात एक सभासद खिशातून दोन काढून टेबलावर ठेवून, "ही जुनी झालीत का बघा," म्हणाले, आणि ऑफिस पाच मिनिटांत रिकामे झाले.

— ऊस विकास अधिकारी