वॉटरप्रूफ जॅकेट आतून ओलं का होतं?

पावसाळी ट्रेकसाठी महागडं जॅकेट आणि ‘वॉटरप्रूफ’ बूट घ्यायचे, गडावरून उतरताना आतून चिंब व्हायचं आणि दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची, हे दर जुलैत चालतं. या वस्तूंचं कापड थरांचं असतं: बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टर, मध्ये पातळ पडदा, आत अस्तर. कोणता थर काय करतो हे कळलं की बरेच गैरसमज गळून पडतात.

गैरसमज : थरांचं कापड हा अलीकडचा शोध आहे.
वस्तुस्थिती : ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचं पेटंट १८२३ मध्येच घेतलं. पाऊस अडायचा, पण घामही आतच कोंडायचा. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई या प्लास्टिकची तापवलेली कांडी झटक्यात ताणली आणि सूक्ष्म छिद्रांचा पदार्थ हाती लागला. त्यातून पाण्याचा थेंब शिरत नाही, वाफ मात्र निसटते. गोर-टेक्स हे वॉटरप्रूफ कापड जन्मलं ते यातूनच.

गैरसमज : वरचं कापड भिजलं म्हणजे जॅकेट गळतंय.
वस्तुस्थिती : वरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. नव्या जॅकेटवरून थेंब मण्यांसारखे घरंगळतात. लेप झिजला की आधी खांद्यांवर, सॅकच्या पट्ट्यांखाली कापड गडद होतं आणि पाणी पिऊ लागतं. मधला पडदा तेव्हाही पाऊस अडवत असतो; पण वर ओलं कापड चिकटल्याने वाफेची वाट अडते. आत जाणवणारी ओल बऱ्याचदा आपल्याच घामाची असते.

गैरसमज : धुतलं की जॅकेट वाया जातं.
वस्तुस्थिती : घाम, तेलकटपणा आणि चिखलच लेपाला मारक ठरतात. सौम्य लिक्विड डिटर्जंटने धुवा, दोनदा खळबळा, फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. लेबलवर परवानगी असेल तर मंद ड्रायर किंवा कोमट इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा काम करू लागतो. तरीही पाणी मुरलं तर लेपाचा स्प्रे मारा.

गैरसमज : लेबलवरचा आकडा मोठा, म्हणजे जॅकेट पक्कं.
वस्तुस्थिती : १०,००० मिमी म्हणजे कापड १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. हा आकडा कापडाचा, शिवणीचा नव्हे. सुईने पाडलेल्या भोकांतून पाणी शिरतंच. घेताना जॅकेट उलटं करून शिवणींवरची टेप तपासा. ती सुटली असेल तर आकड्याला अर्थ नाही.

गैरसमज : ‘ब्रीदेबल’ जॅकेटमध्ये घाम साचत नाही.
वस्तुस्थिती : आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पात जितका फरक, तितकी वाफ बाहेर पडते. हिमालयाच्या कोरड्या थंडीत हा फरक मोठा असतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली. इथे काखेत चेन असलेलं जॅकेट किंवा ढगळ पॉन्चो जास्त उपयोगी.

गैरसमज : पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूटच हवेत.
वस्तुस्थिती : अशा बुटात पडदा मोज्यासारखा आतून बसवलेला असतो. ओढ्यात पाणी घोट्यावरून आत गेलं की तोच पडदा ते बाहेर पडू देत नाही, आणि बूट दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. ओढे ओलांडायचे असतील तर पाणी निथळू देणारे, पक्की पकड असलेले जाळीचे बूट घाला. वॉटरप्रूफ बूट बर्फाच्या ट्रेकसाठी ठेवा.