जुन्या सर्टिफिकेटांची साफसफाई

सकाळी ९:३०
एडब्ल्यूएसच्या खात्यातली जुनी टीएलएस सर्टिफिकेटं आज काढायची. डिलीटची आज्ञा एका ओळीची. पण डिलीट झालेलं परत मिळत नाही. त्यामुळे दिवस जातो तो काय काढायचं हे ठरवण्यात.

१०:००
पायथन आणि बोटो३. सर्टिफिकेट मॅनेजरकडून (एसीएम) यादी मागवते. नुसतं मागितलं तर १०२४ आणि २०४८ बिटांच्या आरएसए चाव्यांचीच सर्टिफिकेटं हाती येतात. ईसीडीएसएची हवी असतील तर फिल्टरमध्ये तसं सांगावं लागतं. यादी पानापानानं येते, म्हणून पॅजिनेटर.

११:३०
प्रत्येक रीजनची यादी वेगळी. आमचे सर्व्हर मुंबईत, पण क्लाउडफ्रंटला लावायचं सर्टिफिकेट नॉर्थ व्हर्जिनियातच ठेवावं लागतं. सगळ्या रीजनवर लूप फिरवते.

दुपारी १:००
डबा खाताना सहकारी म्हणतो, "राहू दे की, भाडं थोडंच लागतं?" लोड बॅलन्सरला लावलेलं पब्लिक सर्टिफिकेट फुकट असतं, हे खरं. पण दर रीजनला संख्येची मर्यादा आहे. शिवाय बाहेरून आणलेली सर्टिफिकेटं आपोआप रिन्यू होत नाहीत; नको असलेल्यांच्या मुदतीच्या इशाऱ्यांत कामाचा इशारा बुडतो.

२:३०
आता मुख्य काम. प्रत्येकाचं 'इनयूजबाय' तपासते: कुठल्या सेवेला लावलंय ते तिथे दिसतं. ज्यांचं ते रिकामं, तीच नावं छापते. डिलीटची ओळ अजून बंद. यादी टीमकडे जाते; कुणी नव्या साइटसाठी काही राखून ठेवलेलं असू शकतं.

४:००
आयएएममधली जुनी सर्व्हर सर्टिफिकेटं वेगळ्या आज्ञेनं, नावानं काढायची. जुना लोड बॅलन्सर त्यांतलंच एखादं वापरत असेल तर वाहतूक बंद पडू शकते, म्हणून लिसनर आधी स्वतः पाहते.

५:००
होकार आला, ओळ चालू. एक सर्टिफिकेट मधल्या वेळेत कुणीतरी लावलेलं निघालं. 'रिसोर्स इन यूज' म्हणत एसीएमनं नकार दिला. बाकीची गेली. कुणी, कधी काढलं याची नोंद क्लाउडट्रेलमध्ये आहे.

६:००
डीएनएसमधली पडताळणीची सीनेम नोंद मात्र ठेवली. त्याच डोमेनच्या दुसऱ्या सर्टिफिकेटचं रिन्यूअल तिच्यावरच चालतं.

१५ मार्च २०२९ पासून पब्लिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांवर येणार आहे. हातानं सर्टिफिकेटं आणून लावणाऱ्यांकडे जुनी झपाट्यानं साठतील. स्क्रिप्ट आत्ताच लिहून ठेवा, आणि तिची यादी दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय डिलीट चालवू नका.