वाचकांचा अदमास

मालाडच्या प्रक्षेपकावरून निघालेला शब्द किती घरांत ऐकला गेला, हे प्रक्षेपकाला कळत नाही. इंटरनेटवर ठेवलेल्या संशोधनपर लेखाचे तसे नाही. तो जेव्हा जेव्हा उघडला जातो, तेव्हा तेव्हा नोंद होते. मग या नोंदींवरून पुढे त्याला किती वाचक मिळतील, हे आधी सांगता येईल काय?

उभ्या पिकावरून पैसेवारी काढतात, त्यातलाच हा प्रकार. बहुतेक लेखांना सुरुवातीला गर्दी असते, मग ती ओसरते. शास्त्रीय वाङ्मय जुने होण्याच्या या गतीला बर्टन आणि केब्लर यांनी १९६० साली ‘अर्धायुष्य’ हा पदार्थविज्ञानातला शब्द लावला. समजा, एक लेख यंदा ८०० वेळा उघडला गेला आणि त्याचे अर्धायुष्य दोन वर्षांचे आहे. तर दोन वर्षांनी ४००, चार वर्षांनी २००, असा अदमास निघतो.

पण धान्य मापण्यापूर्वी पाखडावे लागते. मजकूर गोळा करीत फिरणारे संगणकही लेख उघडतात. ते काही वाचक नव्हेत. त्यांच्या नोंदी वगळाव्यात. परीक्षेपूर्वी आकडा चढतो, सुटीत उतरतो. म्हणून यंदाच्या मे महिन्याची तुलना गेल्या मे महिन्याशीच करावी.

इतके करूनही अदमास चुकतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचेच पाहा ना. चारही अंक एकच नसतील अशी चार अंकी संख्या घ्या. अंक उतरते मांडून त्यातून चढते वजा करा आणि हेच करीत राहा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. हे त्यांना १९४९ साली सापडले. परंतु मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले. आधीच्या पंचवीस वर्षांवरून हे कोणी वर्तवले असते?

सरकारी महाविद्यालयांना सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके मिळावीत, म्हणून २०२५ पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आली. अशा खर्चाचा हिशेब करताना वाचनाचे आकडे जरूर पाहावेत. मात्र आज किती जण वाचतात, एवढेच आकडा सांगतो. उद्या कशाची गरज पडेल, हे नव्हे.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या कपाटातले एखादे पुस्तक तीन वर्षांत कोणी उघडले नाही, म्हणून ते रद्दीत काढण्याआधी क्षणभर थांबा. त्याचा वाचक कदाचित आज पहिलीत बसला असेल.