परितेवाडीचा कोड आणि शाळेचा ब्लॉग

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पण दुसऱ्या शाळेत ब्लॉग काढायचा विषय निघाला की अजूनही ऐकू येतं, "डिसले गुरुजींचं वेगळं, त्यांना तंत्रज्ञान येतं."

या समजुतीत डिसले यांनी धड्यांना जोडलेल्या क्यूआर कोडला फार मोठं करून ठेवलंय. हा कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने काढला, तोही मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला. पुस्तकातल्या कोडमध्ये बहुधा नुसता पत्ता असतो. कविता, गोष्ट, व्हिडिओ दुसरीकडे कुठेतरी ठेवावे लागतात. डिसले 2009 मध्ये परितेवाडीत आले तेव्हा तिथल्या मुलांची भाषा कन्नड होती, पुस्तकं मात्र त्या भाषेत नव्हती. ते स्वतः कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत आणले आणि मग त्यांना कोड जोडले. राज्याने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत कोड आणायचं जाहीर केलं ते 2017 मध्ये. खरी मेहनत धडा नव्याने मांडण्याची होती, आणि ती तर शिक्षकाची रोजचीच. तो धडा ठेवायला ब्लॉगइतकी सोपी जागा नाही.

खर्चाची भीती निराधार आहे. गुगलचं ब्लॉगर फुकट आहे आणि मोबाइलवरूनही चालतं. इंग्रजीचीही गरज नाही. युनिकोडमध्ये मराठी लिहिता येतं, तसंच कन्नड आणि तेलुगूही. सोलापुरात या तिन्ही भाषांची मुलं एकाच बाकावर बसतात. फक्त श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवू नये, त्याची अगम्य अक्षरं होतात.

"व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की!" हा समज सगळ्यात नुकसानीचा. ग्रुपवरचा धडा दोन दिवसांत शुभेच्छांच्या खाली गाडला जातो, आणि पुढच्या वर्षीची मुलं त्या ग्रुपमध्ये नसतातच. ब्लॉगवर 'चौथी, गणित' असं लेबल लावलं की तो केव्हाही सापडतो. बदली झाली की सगळं संपतं, हेही खरं नाही. खातं शाळेच्या नावाने काढावं, ब्लॉगरवर मुख्याध्यापकांनाही प्रशासक करावं. मग गुरुजी गेले तरी धडे शाळेतच राहतात.

मुलांचे फोटो टाकल्याशिवाय शाळेचा ब्लॉग होत नाही, असंही अनेकांना वाटतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. त्यामुळे चेहरे, पूर्ण नावं आणि पत्ते टाळावेत. फळ्यावरचं गणित, मुलांच्या हातचा नकाशा किंवा नाव न देता टाकलेला निबंध पुरेसा आहे. सुरुवात वर्गाला हमखास अडणाऱ्या एकाच धड्यापासून करावी, आणि त्याचा कोड वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून द्यावा.