उस्ताद अल्लादियाखाँ : स्थलांतर, रागरचना आणि अध्यापन

प्रस्तावना : जयपूर-अत्रौली घराण्याची परंपरा विसाव्या शतकात प्रामुख्याने मराठी, कोंकणी व कन्नड भाषक कलावंतांनी पुढे नेली. या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) मात्र परप्रांतातून आलेले होते. एका स्थलांतरित कुटुंबाची विद्या या भूमीत कशी रुजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थलांतर : खाँसाहेबांचे कुटुंब मूळचे अलीगढनजीकच्या अत्रौलीचे. राजाश्रयामुळे ते राजस्थानातील उणियारा येथे स्थिरावले व तेथेच खाँसाहेबांचा जन्म झाला. चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. तारुण्यात अतिश्रमाने आवाज बिघडल्यावर त्यांनी लयीशी घट्ट बांधलेली, पेचदार गायकी सिद्ध केली. पुढे ते कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांचे दरबारगायक झाले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यानंतर त्यांचे वास्तव्य मुंबईस राहिले.

रागरचना : नट-कामोद, बसंती केदार, संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट राग प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. जोडराग म्हणजे दोन रागांची सरमिसळ नव्हे. दोन्ही रागांची अंगे ओळखू यावीत, तरीही त्यांतील सांधा दिसू नये, ही त्याची कसोटी होय. अशी विद्या केवळ स्वरलिपीवरून हस्तगत होत नाही. तिला गुरुमुखाचीच आवश्यकता असते.

अध्यापन : घराणेदार विद्या कुटुंबातच राखण्याची त्या काळी रीत होती. खाँसाहेबांनी पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ यांना तयार केलेच. परंतु भास्करबुवा बखले यांच्यासारख्या कुटुंबाबाहेरील शिष्यांनाही तालीम दिली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर आणि कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या श्रेष्ठ शिष्या. कलावंत समाजातील या स्त्रियाही विद्येसाठी घर सोडून आल्या होत्या. १९३७ मध्ये मंजीखाँ पित्याच्या हयातीतच निवर्तले. ही विद्या केवळ वारसांपुरती राहिली असती, तर तिचा विस्तार खुंटला असता. प्रत्यक्षात भुर्जीखाँ यांनी मल्लिकार्जुन मन्सूर यांना शिकविले, मोगूबाईंनी कन्या किशोरी आमोणकर यांना घडविले आणि केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली.

निष्कर्ष : स्थलांतराने खाँसाहेबांना आश्रय दिला, तर अध्यापनाने त्यांच्या विद्येला नवी भूमी दिली. रक्ताच्या वारशाला शिष्यपरंपरेची जोड मिळाली, म्हणूनच हे घराणे टिकले. अध्यापनाचे खरे मोल यातच आहे.